कोंबड्यांसाठी घरच्या घरी सैनिक माशीच्या अळ्या

पावसाळ्यात कंपोस्टच्या ड्रमाचं झाकण उघडलं की कधीकधी आत चपट्या, राखाडी-तपकिरी अळ्यांचा खच दिसतो. बहुतेक घरांत लगेच त्यावर फिनेल पडतं, नाहीतर मीठ. परसात चार कोंबड्या असतील तर कृपा करून असं करू नका. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, म्हणजे काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. मूळची ही अमेरिका खंडातली, पण आता उष्ण प्रदेशात जवळपास सगळीकडे आढळते. आपल्याकडेही ओला कचरा साचतो तिथे ती न बोलावता येते.

आधी ओळख पक्की करा, कारण सगळा खेळ त्यावर आहे. घरमाशीची अळी पांढरट, गुळगुळीत, तोंडाकडे टोकदार आणि वळवळी असते. सैनिक माशीची अळी चपटी, चिवट कातडीची, अंगावर स्पष्ट वळ्या असलेली आणि डोकं बारीक, गडद. पूर्ण वाढली की ती सुमारे २ सेंटिमीटर लांब आणि ०.२ ग्रॅम वजनाची होते. माशी काळी, दीड ते दोन सेंटिमीटर लांब, पायांची टोकं पांढरी, आणि कमरेशी दोन पारदर्शक चट्टे. घोंघावत आली की लोक तिला गांधीलमाशी समजून मारतात. पण तिला नांगी नाही, ती चावत नाही, आणि आपल्या ताटावर येऊन बसायची तिला गरजही नसते. मोठी झाल्यावर ती पाण्याखेरीज जवळपास काही घेत नाही. आठवडाभर जगते, जोडीदार शोधते, अंडी घालते आणि मरते. खाण्याचं सगळं काम अळी असतानाच उरकलेलं असतं.

कोंबडीला यातून नेमकं काय मिळतं याचा हिशेब आधी मांडते, कारण याबाबत अवास्तव गोष्टी फार सांगितल्या जातात. ताज्या अळीत ६० ते ६५ टक्के पाणी असतं. उरलेल्या कोरड्या भागात सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी. म्हणजे २० ग्रॅम जिवंत अळ्यांतून कोंबडीच्या पोटात जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनं जातात. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १७-१८ ग्रॅम लागतात. लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, पोटभर मिळत असेल तर हे ३ ग्रॅम वरकड. पण गावठी कोंबड्यांना आपण काय घालतो? मक्याचा भरडा, ज्वारी, तांदळाच्या कण्या. असं ७० ग्रॅम धान्य खाल्लं तर ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, तीही लायसिन आणि मेथिओनिन या आवश्यक अमिनो आम्लांच्या बाबतीत कमजोर. तिथे हे ३ ग्रॅम म्हणजे एकदम दीडपट. अळ्यांचा खरा उपयोग इथे आहे. मॅश पूर्ण बंद करून अळ्यांवर कोंबड्या पोसता येतात असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

क्रेट आणि घसरण

दहा कोंबड्यांचा हिशेब धरू. प्रत्येकी २० ग्रॅम म्हणजे रोज २०० ग्रॅम, म्हणजे रोज हजार अळ्या. जैविक कचऱ्यावर या अळ्या वाढवण्याचं बरंच काम स्वित्झर्लंडच्या एआवाग या संस्थेने केलं आहे. त्यांचं माप साधं आहे: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका क्रेटमध्ये पाच दिवसांच्या दहा हजार अळ्या, आणि त्यांना बारा दिवसांत १५ किलो ओला कचरा. त्यातून दोनेक किलो अळ्या निघतात. आपल्याला रोज हजार हव्यात तर साधारण बारा हजार अळ्या कायम वाढत असायला हव्यात आणि रोज दीड किलो कचरा लागेल. म्हणून दहा कोंबड्यांना असे दोन क्रेट. चौघांच्या घरातून एवढा ओला कचरा रोज निघत नाही. भाजीवाल्याकडून फ्लॉवरचा पाला, सडकी फळं आणावी लागतात. ते जमणार नसेल तर पाच कोंबड्यांपुरता एकच क्रेट करा.

क्रेट तळाला आणि बाजूंना बंद हवा. मासळीच्या धंद्यात वापरतात तसा चालतो, मात्र नीट धुऊन. भाजीचा जाळीदार क्रेट नको. पुष्कळ जण रंगाच्या २० लिटरच्या बादलीत सुरुवात करतात आणि निराश होतात. अळ्या वरच्या पाच-सात सेंटिमीटरच्या थरातच नीट खातात, खाली हवा नसते. बादलीची खोली वाया जाते आणि तिच्या तोंडाच्या क्षेत्रफळात जेमतेम अडीच हजार अळ्या मावतात. पसरट भांडं घ्या, उंच नको.

क्रेट एका कोपऱ्याकडे किंचित कलता ठेवा. त्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडा, आतून नारळाच्या काथ्याचा बोळा लावा आणि खाली तसराळं ठेवा. तळाला दोन बोटं कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा, त्यात मूठभर जुनं कंपोस्ट. वर सैल झाकण, ज्याच्या कडेनं माशी आत शिरू शकेल पण पाऊस शिरणार नाही. जागा सावलीतली.

वाढ पूर्ण झाली की अळी काळपट होते, खाणं थांबवते आणि कोष करायला कोरडी, अंधारी जागा शोधत वर चढते. ही सवय फार उपयोगाची. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचा अर्धा भाग घसरणीसारखा लावा. खालचं टोक कचऱ्यात रुतलेलं, वरचं टोक क्रेटच्या काठावरून बाहेर. चढण ३० ते ४० अंशांची. ४५च्या वर गेली की बऱ्याच अळ्या परत खाली येतात. बाहेरच्या टोकाखाली गुळगुळीत, कोरडी बादली आणि तिच्यात दोन बोटं कोरडा भुसा. अळ्या मुख्यतः रात्री निघतात, त्यामुळे सकाळी बादली भरलेली मिळते. बादली ओली झाली तर मात्र त्याच अळ्या उभ्या भिंतीनं वर येऊन पसार होतात. ओल्या अंगाची अळी प्लॅस्टिकलाही चिकटून चढते. म्हणून क्रेटच्या आतल्या काठालाही बोटभर आत वळलेली पट्टी लावून घ्या.

क्रेट स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्या या कामातल्या सगळ्यात मोठ्या शत्रू आहेत. अंड्यांचा पुंजका त्या एका रात्रीत साफ करतात. वाटीतल्या पाण्यावर चमचाभर तेल घाला, नाहीतर तिथे डासांची पैदास होते. चिचुंद्री आणि उंदीर यांच्यासाठी झाकणावर वजन ठेवा. पाली अंडी घालायला आलेल्या माश्या टिपतात, तेव्हा क्रेट भिंतीला टेकवू नका.

अंडी मिळवणं

जून ते ऑक्टोबर या काळात विकत काही आणायची गरज सहसा पडत नाही. किलोभर गव्हाचा कोंडा किंवा मक्याचा भरडा पाण्यात लगदा होईल इतका कालवून झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत आंबूस वास सुटतो. तो क्रेटमध्ये पसरा, वर एखादं अतिपिकलेलं केळं किंवा फणसाचे चारखंड. पन्हाळीदार पुठ्ठ्याच्या दोन इंची पट्ट्या कापा, तीन-चार एकत्र बांधा आणि लगद्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटरवर टांगा. माशी सडक्या मालात अंडी घालत नाही. त्याच्या शेजारच्या कोरड्या फटीत घालते, पुठ्ठ्याच्या नळ्या तिला त्यासाठीच हव्या असतात. पट्टी ओल्या मालाला टेकली तर पुठ्ठा भिजतो, बुरशी येते आणि अंडी वाया जातात.

एका मादीचा पुंजका साधारण ५०० अंड्यांचा. फिकट पिवळसर, प्रत्येक अंडं मिलिमीटरभर लांब. २७ ते ३० अंश तापमानात चार दिवसांत फुटतात. हवा फार कोरडी असेल तर आतच सुकतात, त्यामुळे मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये पट्ट्यांच्या जवळ ओलं गोणपाट लावावं लागतं.

अंड्यातून निघालेली अळी डोळ्याला जेमतेम दिसते. तिला थेट भाजीच्या कचऱ्यात सोडलं तर निम्म्या मरतात. पहिले पाच दिवस वेगळं ठेवा. पसरट डब्यात एक भाग चिक स्टार्टर (पिलांचं तयार खाद्य) आणि दोन भाग पाणी कालवा, तीन पुंजक्यांना दीडशे ग्रॅम मिश्रण पुरतं. वर जाळी ठेवून तिच्यावर अंड्यांची पट्टी. फुटलेल्या अळ्या आपोआप खाली पडतात. पाच दिवसांनी डबाच क्रेटमध्ये उपडा करायचा. तीन पुंजक्यांतून हजारभर अळ्या हाती लागल्या तर काम चांगलं चाललंय असं समजा.

सुरुवातीच्या आठवड्यात घरमाश्या हमखास येतात. टाकलेल्या प्रत्येक घासावर दोन बोटं कोरडा भुसा पसरा. सैनिक माशीच्या अळ्यांनी क्रेटचा ताबा घेतला की घरमाश्या तिथे अंडी घालायचं बरंच कमी करतात.

किती घालायचं

काय घालायचं याची यादी लोक विचारतात, पण नव्वद टक्के क्रेट बिघडतात ते किती घातलं आणि किती ओलं घातलं यामुळे. वरच्या हिशेबानं एका क्रेटला रोज पाऊण किलो. पण तराजूपेक्षा क्रेट काय सांगतो ते बघा. काल टाकलेली पपईची साल आज पपईची साल म्हणून ओळखू येत असेल तर आज काही टाकू नका. भुसभुशीत, काळपट, एकजीव माल दिसला तरच पुढचा घास. कान जवळ नेला की खाणाऱ्या अळ्यांची बारीक चरचर ऐकू येते. ती थांबली असेल तर झाकण लावून जाऊ नका, काहीतरी बिनसलंय.

अळीला चावता येत नाही, ती खरवडून खाते. त्यामुळे सगळं एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून घाला. ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट दाबा, बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त ओला. कलिंगडाची सालं, काकडी, टोमॅटो यांच्यात पाणीच फार, तेव्हा दर किलोला दीड-दोनशे ग्रॅम कोंडा किंवा कोरडा भुसा मिसळूनच घाला. शिळा भात चालतो, पण नुसता भात टाकला की त्याचा चिकट गोळा होतो, आत हवा जात नाही आणि तो सडतो. मोकळा करून पाल्यात कालवा. कांद्या-लसणाची टरफलं, लिंबाची सालं, कणसाचे बुरखे अळ्या शेवटपर्यंत तशीच ठेवतात. त्यांना कंपोस्टात पाठवा. लोणच्याचा खार, तेलकट रस्से नकोत.

क्रेट कसा बिघडतो हे एकदा समजून घेतलं की पुढे फारसं अडत नाही. अळ्यांच्या गर्दीमुळे आणि आंबण्यामुळे क्रेटच्या आत स्वतःची उष्णता तयार होते. ३० ते ३८ अंश उत्तम. चाळिशीच्या वर त्या वर येऊन गोळा होतात, ४५च्या पुढे मरतात. एकदम तीन-चार किलो माल टाकला की हे हमखास होतं, शिवाय तळाला हवा संपते. मग दुर्गंधी सुटते आणि कोवळ्या, पांढऱ्या अळ्या झुंडीनं बाहेर पडू लागतात. काळ्या अळ्या चढल्या तर ती वेळ झाली म्हणून. पांढऱ्या चढल्या तर क्रेट आजारी आहे. तेव्हा खाणं लगेच बंद करा, माल खुरप्यानं सैल करा, कोरडा भुसा किंवा कोकोपीट मिसळा आणि दोन दिवस काही घालू नका. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर डाळ, पनीर, मासळी असं प्रथिनांचं काहीतरी जास्त झालंय. उपाय तोच, कोरडा पालापाचोळा. आणि अळ्या अर्ध्या आकाराच्या असतानाच काळ्या पडायला लागल्या तर त्या उपाशी आहेत, नाहीतर क्रेटमध्ये दाटी झाली आहे.

आता क्रेटमध्ये कधीच घालू नये असं. चिकनच्या दुकानातली आतडी, पिसं, मेलेली पिलं हे अजिबात नको, कितीही फुकट मिळत असलं तरी. मेलेल्या जनावरात बोट्युलिझमचं विष तयार होतं. ते अळीला बाधत नाही, पण तिच्यातून कोंबडीत जातं, तिची मान लुळी पडते आणि ती दगावते. शिवाय पक्ष्यांचे रोग अशा मालातून थेट आपल्या खुराड्यात येतात. नवापूरमध्ये २००६ साली आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लूनं काय झालं ते आठवा. याच कारणानं त्याच कोंबड्यांची विष्ठाही अळ्यांना घालायची नाही. युरोपीय संघानं २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली, पण त्या कीटकांना हॉटेलचं उष्टं, मांस किंवा विष्ठा घालायला तिथेही बंदी आहे. नाल्याकाठचा, रस्त्यावरचा कचरा नको, कारण या अळ्या कॅडमियमसारखा जड धातू अंगात साठवतात. फवारणीच्या फुलांचं निर्माल्यही बाजूला ठेवा. पोल्ट्रीतल्या माश्या मारण्यासाठी वापरलं जाणारं सायरोमॅझिन अळीची वाढच रोखतं, तेव्हा ते मिसळलेलं खाद्य किंवा त्या शेडमधला माल क्रेटजवळ फिरकू देऊ नका.

कोंबड्यांना घालताना

बादलीतल्या अळ्या चोवीस तास कोरड्या कोंड्यात ठेवा, पोट रिकामं होतं. मग चाळून, पाण्यात खळबळून घ्या. घरात शिजलेलं उष्टं क्रेटमध्ये जात असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून घालणं जास्त चांगलं. परातीत किंवा पसरट थाळ्यात घाला. जमिनीवर टाकल्या की कोंबडी चार टिपेपर्यंत बाकीच्या मातीत शिरतात. संध्याकाळी खुराड्याच्या आत घातल्या तर बाहेर रेंगाळणाऱ्या कोंबड्या आपणहून आत येतात.

मोठ्या कोंबडीला २० ग्रॅम, फार तर ३०. त्याहून जास्त घातल्यास चरबी वाढते आणि मॅश खाणं कमी होतं, मग अंडी कमी येतात. काळ्या अळीच्या कातडीत कॅल्शियम भरपूर असलं तरी शेलग्रिट, म्हणजे शिंपल्यांचा चुरा, बंद करू नका. पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून पाच-सात मिलिमीटरच्या पांढऱ्या, मऊ अळ्या, चिमूट-चिमूट, आणि सोबत बारीक वाळू. काळ्या अळ्यांची कातडी पिलांना पचायला जड जाते.

पांढऱ्या अळ्या क्रेटमधून वेगळ्या करायची युक्ती सोपी आहे. थोडा माल घमेल्यात काढून उन्हात ठेवा. अळ्या उजेडापासून पळून तळाला जातात. वरचा थर हातानं खरवडून काढत जायचं, शेवटी तळाला नुसत्या अळ्या उरतात. चाळणीनं करायचं तर माल आधी कोरडा हवा, ओला माल चाळणीतून खाली पडत नाही.

गांडुळं किंवा मिलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) का नकोत, असाही प्रश्न येतो. परसातली गांडुळं जंतांची अंडी वाहून नेतात, आणि काही जातींचे भुंगेरे व घरमाशी पट्टकृमी. मिलवर्म घरात वाढवता येतात, पण त्यांना कोंडा विकत घालावा लागतो आणि तयार व्हायला महिने लागतात. इथे अळी वीस दिवसांत तयार होते, तीही सालपटांवर.

अळ्या जास्त झाल्या तर उकळत्या पाण्यातून काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. तीन किलोच्या साधारण एक किलो होतात. चरबी असल्यानं खवट होतात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून महिन्या-दीड महिन्यात संपवा.

बियाणं म्हणून दर आठवड्याला मूठ-दोन मुठी काळ्या अळ्या बाजूला काढा. झाकणाला छिद्रं पाडलेल्या डब्यात कोरडा भुसा घालून त्यांना अंधारात ठेवा. दोन आठवड्यांत माशी निघते, थंडीत बरेच जास्त दिवस लागतात. पावसाळ्यात डबा उघड्यावर ठेवला तरी पुरतं. मिलन उडताना, चांगल्या उन्हाच्या उजेडात होतं. बाकीच्या ऋतूंत मच्छरदाणीचा मीटरभर लांब-रुंद पिंजरा करून तो सकाळचं ऊन लागेल असा बांधा, आत एक कुंडीतलं झाड, दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा, आणि कोपऱ्यात आंबवलेला कोंडा व पुठ्ठ्याच्या पट्ट्या. घरातल्या साध्या बल्बवर जोड्या लागतील या आशेवर बसू नका.

नाशिक, पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो तेव्हा क्रेट थंडावतो. दोन्ही क्रेटमधल्या अळ्या एकत्र करा, गर्दीनं ऊब टिकते. भोवती गोणपाट, आणि खाणं निम्म्यावर. माश्या या दिवसांत येणार नाहीत, त्यामुळे कोषांचा एक डबा घरात ठेवून फेब्रुवारीच्या शेवटी बाहेर काढा.

महिना-दीड महिन्यानं क्रेटचा तळ भरतो. उरलेला काळा माल लगेच झाडांना घालू नका, तो अजून पुरता मुरलेला नसतो आणि कोवळी मुळं जाळतो. तीन-चार आठवडे सावलीत ढीग लावून, अधूनमधून पाणी शिंपडून ठेवा. मग कुंडीत पाचाला एक भाग मातीत मिसळायला हरकत नाही.